वाड्याची तुळई आणि गिटारची पाठ



या अंकातील पाठ लाकडाविषयी आहे. आपल्या लष्करात एखादा जुना वाडा उतरवला जातो तेव्हा दगड, लोखंड आणि लाकूड वेगवेगळे केले जाते. दगड नव्या पायात जातो, लोखंड भंगारात जाते. लाकडापैकी नक्षीची दारे आणि सरळ खांब शौकीन गिऱ्हाईक उचलून नेतात. उरलेल्या तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या आणि मोडक्या चौकटी मात्र बहुधा लाकडाच्या टालावर पोहोचतात आणि तिथे वजनावर, जळाऊ म्हणून विकल्या जातात. तीन-चार पिढ्यांचे ओझे ज्या तुळईने डोक्यावर घेतले, तिची शेवटी राख होते.

या लाकडातून वाद्य करता येईल का? येत असेल तर कोणत्या लाकडातून, वाद्याच्या कोणत्या भागासाठी आणि ते ओळखायचे कसे? हे प्रश्न घेऊन आपण हा पाठ शिकणार आहोत. यात थोडे वनस्पतिशास्त्र आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि बऱ्यापैकी गणितही आहे. वाद्य म्हणून आम्ही गिटार निवडली आहे. ती अनेकांच्या घरी आहे, आणि पातळ फळ्यांची पेटी असल्यामुळे लाकडाचे गुणदोष तिच्यात चटकन कळतात. गिटार परकी म्हणून नाक मुरडण्याचेही कारण नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यावर हिंदुस्थानी राग वाजवून तिला केव्हाच आपल्या मैफलीत बसवले आहे.

आपल्या गावचे लाकूड, आपल्या गावचे सूर

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. सरदार, कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी मराठी कुटुंबे इथे आली आणि त्यांनी चौकाचे, सोप्याचे वाडे बांधले. ग्वाल्हेरला दगड मुबलक, पण माळवद आणि माडी पेलायला लाकूड हवेच. मोठ्या वाड्यांत त्यासाठी सागवान वापरलेले दिसते. दारे-खिडक्यांना साग, शीशम किंवा देवदार असे.

याच गावाने संगीतालाही घर दिले. १९१४ साली पंडित कृष्णराव शंकर पंडितांनी आपल्या वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व विद्यालय सुरू केले. १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उभे राहिले. जीवाजीगंजात उस्ताद हाफिज अली खाँ यांचे वडिलोपार्जित घर आहे. त्यांचे चिरंजीव उस्ताद अमजद अली खाँ यांच्या पुढाकाराने तिथे 'सरोद घर' हे संग्रहालय झाले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून आपल्या यादीत घेतले.

सरोद घरातील वाद्ये पाहताना एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. सरोदचा सांगाडा सागाच्या किंवा तुणीच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेला असतो. म्हणजे जो साग आपल्या वाड्यांच्या तुळईत आहे, तोच साग आपल्या गावच्या सरोदच्या पोटातही आहे. 'इमारती लाकूड वेगळे आणि वाद्याचे लाकूड वेगळे' ही समजूत इथेच ढिली पडते.

तुणीचे लाकूड पाहायचे असेल तर मिरजेचे नाव घ्यावे लागते. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. त्याच मिरजेत, पूर्वी हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला सुरुवात केली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा कारागीर भोपळाही ताजा वापरत नाही आणि लाकूडही ताजे वापरत नाही. आधी वाळवणे आणि मग घडवणे, हा त्या धंद्याचा पहिला नियम. हा नियम का, ते आता पाहू.

लाकूड पाणी पिते

झाड तोडले म्हणजे त्यातले पाणी लगेच जात नाही. आधी पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी निघून जाते. तोवर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते आणि तेव्हा लाकूड आकसते, वाकते, पिळते, तडकते.

ओलाव्याची टक्केवारी अशी काढतात: लाकडाचे आत्ताचे वजन वजा पूर्ण सुक्या लाकडाचे वजन, भागिले सुके वजन, गुणिले १००. एखादा तुकडा आत्ता ५६० ग्रॅम आणि पूर्ण सुकवल्यावर ५०० ग्रॅम भरला, तर ओलावा ६० भागिले ५००, म्हणजे १२ टक्के.

पण लाकूड एकदा वाळले की कायमचे वाळले, असे नाही. ते हवेशी देवघेव करत राहते. ग्वाल्हेरची हवा या बाबतीत फार कठोर आहे. मे महिन्यात लू चालते तेव्हा हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि उघडे लाकूड सुमारे ५ टक्के ओलाव्यापर्यंत सुकते. श्रावणात आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि तेच लाकूड सुमारे १६ टक्क्यांपर्यंत पाणी पिते. आपल्या घरचा दरवाजा पावसाळ्यात अडकतो आणि उन्हाळ्यात खुळखुळतो, तो यामुळेच.

आता गणित करू. सागाची फळी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या आडव्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, सुमारे २.५ टक्के आकसते. वलयांना समांतर दिशेने ती सुमारे ५.५ टक्के आकसते. हा सगळा आकस ३० टक्के ओलाव्याच्या उतारात होतो. म्हणून ओलावा १ टक्का बदलला की आकस अनुक्रमे ०.०८ आणि ०.१८ टक्के.

गिटारची पाठ सर्वांत रुंद भागी सुमारे ४० सेंटीमीटर असते. ओलावा १० टक्क्यांनी बदलला असे धरा.

पहिल्या दिशेने कापलेली पाठ: ४० × १० × ०.०००८ = ०.३२ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर.

दुसऱ्या दिशेने कापलेली पाठ: ४० × १० × ०.००१८ = ०.७२ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर.

पाठीची जाडी अवघी अडीच ते तीन मिलिमीटर, आणि तिच्या कडा बाजूंना पक्क्या चिकटवलेल्या. सात मिलिमीटर आकसायला तिला जागाच नाही. मग ती तडकते. म्हणून वाद्याची फळी अशी कापतात की टोकाकडून पाहिल्यास वलयांच्या रेघा फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसाव्यात. वार्निशामुळे ही हालचाल मंदावते, पण थांबत नाही.

जुने झाल्यावर काय बदलते?

जुन्या लाकडाविषयी पुष्कळ भाबडेपणा आहे, म्हणून इथे थोडे जपून पाऊल टाकू.

पहिला बदल आतल्या ताणाचा. झाड उभे असताना खोडात ताण साठलेले असतात. नव्या फळीत ते हळूहळू मोकळे होतात आणि फळी वाकते. वाड्याच्या तुळईने शंभर उन्हाळे आणि शंभर पावसाळे पाहिलेले असतात. जिथे पिळायचे तिथे ती पिळलेली असते, जिथे तडकायचे तिथे तडकलेली असते. तिचे दोष आपल्याला दिसतात, हाच तिचा मोठा गुण.

दुसरा बदल रासायनिक. लाकडातील हेमिसेल्युलोज नावाचा घटक पाणी सर्वांत जास्त धरतो आणि काळाबरोबर सर्वांत आधी झिजतो. म्हणून जुने लाकूड हवेतले पाणी किंचित कमी पिते. म्हणजे फुगणे-आकसणे कमी होते, बंद होत नाही.

तिसरा प्रश्न ताकदीचा. जपानमधील होर्यू-जी हे सातव्या शतकातील लाकडी मंदिर. तिथल्या जुन्या लाकडांचा जिरो कोहारा या संशोधकाने विसाव्या शतकात अभ्यास केला. हिनोकी या सूचिपर्णी झाडाचे लाकूड तोडल्यानंतर पहिली काही शतके अधिक कणखर होते आणि मग सावकाश उतरते, असे त्यांना दिसले. केयाकी या रुंद पानांच्या झाडाचे लाकूड मात्र बरेच लवकर उतरले. म्हणजे 'जुने ते सोने' हा नियम सरसकट लागू नाही. जात कोणती, हे आधी विचारावे लागते.

सागाच्या टिकाऊपणाला आपल्या देशातलाच दाखला आहे. वाडियांच्या गोदीत मुंबईला १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पण हेच तेल सरस धरू देत नाही, म्हणून सागाचा सांधा जोडण्यापूर्वी ताजा रंधा मारून, स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. गुण आणि अडचण एकाच कारणातून येतात, याचे हे चांगले उदाहरण.

कोणते अंग कोणत्या लाकडाचे?

तारेचा स्वतःचा आवाज फार बारीक असतो. तार घोडीला हलवते, घोडी वरच्या फळीला हलवते आणि ती फळी हवेला. म्हणून वरची फळी हलकी पण ताठ हवी. युरोपात त्यासाठी स्प्रूस किंवा सीडर वापरतात. स्प्रूसच्या एका घन सेंटीमीटरचे वजन साधारण ०.४ ते ०.४५ ग्रॅम. सागाचे सुमारे ०.६५ आणि काळ्या शिसवाचे ०.८ च्या वर.

पाठ आणि बाजू यांचे काय? १८६२ साली स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस या कारागिराने एक गिटार बनवली. तिची वरची फळी चांगल्या लाकडाची होती, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचा मुख्य भार वरच्या फळीवर असतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

दीडशे वर्षांनंतर हाच प्रश्न प्रयोगाने तपासला गेला. रॉजर बकनॉल या इंग्रज कारागिराने एकसारख्या सहा गिटारी बांधल्या. फरक एवढाच, की पाठ आणि बाजूंसाठी सहा वेगळी लाकडे, ब्राझीलच्या महागड्या शिसवापासून साध्या स्वस्त लाकडापर्यंत. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५२ वादकांना मंद प्रकाशात, लाकूड दिसणार नाही अशा चष्म्यांसह त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आवाजाच्या पसंतीत फारसा फरक नव्हता. व्हायोलिनच्या बाबतीतही क्लॉडिया फ्रित्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी डोळे झाकून चाचण्या घेतल्या. बहुतेक वादकांना जुन्या इटालियन वाद्यांपेक्षा चांगली नवी वाद्ये आवडली.

यातून आपल्या कामाचे दोन धडे निघतात. एक, 'शंभर वर्षांचे लाकूड, म्हणून आवाज दैवी' असे कोणी सांगून दुप्पट पैसे मागितले तर हात जोडावेत. दोन, पाठ-बाजूंसाठी दुर्मीळ लाकूड तोडण्याची गरज नाही. उतरवलेल्या वाड्याचा साग किंवा शीशम तिथे उत्तम चालेल.

अमेरिकेत टेलर या गिटार कंपनीच्या बॉब टेलर यांनी १९९५ साली हे जाहीरपणे करून दाखवले. कारखान्याच्या कचऱ्यात पडलेल्या, माल वाहण्याच्या लाकडी पाटातून त्यांनी गिटार बांधली. पाठ-बाजू त्यातल्या ओकच्या, वरची फळी कित्येक अरुंद पट्ट्या जोडून केलेली. खिळ्यांची भोके लपवण्याऐवजी त्यांत चकचकीत धातूच्या टिकल्या बसवल्या. गिटार उत्तम वाजली. चांगले वाद्य कारागिराच्या हातातून येते, हे त्यांना सांगायचे होते.

आपल्यापुरते वाटप मग असे करता येईल. पाठ आणि बाजूंना साग, शीशम किंवा तूण. मानेला सरळ रेषांचा साग किंवा तूण. बोटे फिरतात त्या पट्टीला आणि घोडीला शीशम, कारण तो घट्ट आणि झिजायला चिवट. वरच्या फळीसाठी देवदाराची जुनी, गाठी नसलेली फळी मिळाली तर पाहावी. अरुंद मिळाली तर दोनाऐवजी चार पट्ट्या जोडाव्यात.

लाकडाच्या सहा परीक्षा

१. इतिहास विचारा. लाकूड कुठले, छतातले की मोरीजवळचे, आणि त्याला काय लावले होते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घेऊ नका. ते कुजू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोटसारखी विषारी द्रव्ये मुरवलेली असतात. जुन्या दारांच्या तेलरंगात शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासू नका आणि मुलांनी तर त्याला हातच लावू नये.

२. लोहचुंबक फिरवा. रंध्याच्या किंवा करवतीच्या वाटेत आलेला एक खिळा पाते तर मोडतोच, पण सुताराच्या डोळ्यालाही इजा करू शकतो. पितळेचा खिळा चुंबकाला सापडत नाही, म्हणून काळे डाग आणि बुजवलेली भोके डोळ्यांनीही शोधा.

३. कीड पाहा. बारीक भोकांतून ताजी पिठूळ भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. असे लाकूड घरात आणू नका.

४. टोक पाहा. करवतीने टोकाचा पातळ काप काढा आणि वलये कोणत्या दिशेने जातात ते पाहा. उभ्या रेघा असलेला भाग वाद्यासाठी, बाकीचा इतर कामांसाठी.

५. वजन करा. ५० सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि अर्धा सेंटीमीटर जाड फळीचे आकारमान ५०० घन सेंटीमीटर. ती ३२५ ग्रॅम भरली तर घनता ०.६५. त्याच आकाराच्या दोन फळ्यांत बराच फरक आला तर एकीत ओल, पोकळी किंवा कीड आहे का ते तपासा.

६. ठोकून ऐका. ५० सेंटीमीटरची फळी एका टोकापासून सुमारे ११ सेंटीमीटरवर चिमटीत सैल धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने ठोका. ११ च का? अशी मोकळी फळी कंप पावते तेव्हा दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवरचे बिंदू स्थिर राहतात. तिथे धरले की आपली बोटे कंपाला अडवत नाहीत. आवाज स्वच्छ आणि लांबणारा आला तर लाकूड कंप कमी गिळते. 'थप्' असा मेलेला आवाज आला तर आत चीर किंवा कुज असण्याची शक्यता आहे. तबला मिळवणाऱ्याचा कान इथे उपयोगी पडतो.

परीक्षा संपली म्हणजे लगेच कामाला लागायचे नाही. जाड तुळई चिरली की आतला, हवेला कधीही न भेटलेला भाग प्रथमच उघडा होतो आणि पातळ फळ्या पुन्हा थोड्या वाकतात. त्या एकावर एक, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत रचाव्यात. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. चिरताना आणि घासताना नाकातोंडाला मास्क हवाच. सागाच्या आणि शीशमच्या भुशाने अनेकांना खाज आणि दमा उठतो.

एका तुळईचा हिशोब

तीन मीटर लांब आणि २० × २० सेंटीमीटर जाडीची सागवानी तुळई घ्या. आकारमान १२० लिटर, वजन सुमारे ७८ किलो. दोन्ही टोकांना सांध्यांच्या खाचा आणि खिळे असतात, म्हणून ३०-३० सेंटीमीटर सोडून द्या. उरलेल्या २४० सेंटीमीटरचे ८० सेंटीमीटरचे तीन तुकडे.

प्रत्येक तुकड्यातून ५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या. करवत स्वतः ३ मिलिमीटर खाते. २०० भागिले ८, म्हणजे २५ फळ्या. गाभा, चिरा, गाठी आणि चुकीच्या दिशेची वलये जाऊन निम्म्या, म्हणजे १२ हाती लागल्या असे धरू. एका गिटारला पाठीच्या दोन आणि बाजूंच्या दोन, अशा चार फळ्या. एका तुकड्यातून तीन गिटारी, तीन तुकड्यांतून नऊ.

हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात सुतार आणि तुळई मिळून तो बदलतील. पण टालावर ७८ किलो जळण म्हणून तोलली जाणारी वस्तू म्हणजे नऊ वाद्यांच्या पाठी असू शकतात, एवढे त्यातून कळते. पाठीच्या दोन फळ्या एकाच जागेतून लगोलग काढून पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून जोडतात, तेव्हा रेषा दोन्हीकडे आरशासारख्या जुळतात. म्हणून चिरताना प्रत्येक फळीवर क्रमांक घालायला विसरू नये.

शिसवाची गोष्ट

हे सारे कशासाठी, असे पालक विचारतील. उत्तराचा एक भाग जंगलात आहे. ब्राझीलचा शिसव एके काळी इतका तोडला गेला, की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. त्यापूर्वीच गिटारवाले आपल्या दक्षिणेतील काळ्या शिसवाकडे वळले होते. आज तोही धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाचा व्यापार परवान्याखाली आला. त्यात आपला उत्तरेकडचा शीशमही सापडला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून. शिसवाला वाद्याजोगी जाडी यायला माणसाचे एक आयुष्य लागते. घरातल्या मोडक्या शिसवी पलंगाचा खूर फेकताना हे आठवावे.

आधी वाडा, मग वाद्य

आता पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. जुन्या लाकडाला किंमत येते तेव्हा एक नवे संकटही येते: लाकडासाठी वाडे पाडले जाऊ लागतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उभा वाडा दुरुस्त होऊन उभा राहिला, तर त्याच्या तुळईचा त्याहून चांगला उपयोग दुसरा नाही. वाडा उतरवणे भागच असेल, तर तुळई तुळई म्हणूनच दुसऱ्या घरात जावी. तेही नसेल तर तिचे दार, पाट, देव्हारा, शाळेचे बाक व्हावेत. जे तुकडे यांतल्या कशालाच पुरत नाहीत, लांबीने कमी पडतात, टालाच्या वाटेवर आहेत, त्यांच्यावर वाद्याचा हक्क. गिटारला ८० सेंटीमीटरच पुरतात, म्हणून हे जमते.

वाटण्या, भाडेकरू, महानगरपालिकेची नोटीस, दूर गेलेली मुले, अशी वाडा उतरण्याची कारणे घरोघर वेगळी असतात. त्यांचा न्याय करणे शाळेचे काम नाही. पण लाकूड वाड्याबाहेर पडण्याच्या त्या एक-दोन दिवसांत कोणीतरी जाऊन 'हे काय आहे आणि कुठे चालले आहे' एवढे विचारायला हवे. ते दोन दिवस गेले की काहीच करता येत नाही.

करून पाहा

१. घरातील लाकडाच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीची घनता काढा आणि ठोकून ऐका. घनता आणि आवाजाचा लांबणेपणा यांत काही संबंध दिसतो का?

२. एका फळीची रुंदी मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये त्याच जागी, त्याच पट्टीने मोजा. वर दिलेल्या गणिताशी ताडून पाहा.

३. आजी-आजोबांना विचारा: आपल्या घरात साग कुठे आहे, शीशम कुठे, देवदार कुठे? घराचा साधा नकाशा काढून त्यावर खुणा करा.

४. विचार करा: तोरेसच्या कागदी पाठीच्या गिटारीने नेमके काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही?

पालक आणि विश्वस्तांस विनंती

ज्या घरी वाडा उतरवण्याचे ठरले असेल, त्यांनी शाळेला आठवडाभर आधी कळवावे. विज्ञान शिक्षक आणि वरच्या वर्गातील मुले येऊन लाकडांची मापे, जात आणि जागा यांची नोंद करतील. मोडतोडीच्या ठिकाणी मुलांना नेले जाणार नाही. लाकूड खाली, मोकळ्या जागी आल्यावरच काम होईल. विश्वस्त मंडळाने आवारातील एका कोरड्या, हवेशीर खोलीत लाकूड रचण्यास परवानगी द्यावी आणि वर्षातून काही दिवस एखाद्या अनुभवी सुतारास मानधन देऊन बोलवावे. चिरकाम वखारीत, सुताराच्या हातून होईल. मुले मोजतील, ऐकतील, क्रमांक घालतील आणि घासतील.

गिटारच्या पोटात, गोल भोकातून दिसेल अशी एक चिठ्ठी चिकटवण्याची कारागिरांची जुनी रीत आहे. आपल्या गिटारीच्या चिठ्ठीवर, घरमालकांची संमती असल्यास, लाकूड कोणत्या वाड्याच्या कोणत्या दालनातले, तुळईचे की उंबऱ्याचे, वाडा कोणत्या वर्षी उतरवला आणि फळ्या कोणत्या इयत्तेने मोजल्या, एवढे लिहावे. नोंदवही वर्गशिक्षकांकडे ठेवली आहे. पहिल्या पानावर रकाने आखून तयार आहेत.